टोलगेटलाच उतर

॥ श्री ॥
तंजावूर
बुधवार, २० मे २०२६

चि. विनुता हीस शेषम्माअक्काचा आशीर्वाद.

परवा हरिताचा निरोप फोनवर आला. ‘पेरिअम्मा, अम्मा जुलैत तंजावूरला येते आहे, आजीच्या तिथीला. तेवीस तारखेला सकाळी साडेदहाला तिरुचीला उतरेल. गांधीजी रोडवर हॉटेल बुक केलं आहे. विमानतळावरून हॉटेलपर्यंत बसने कसं यायचं ते अम्मा विचारते.’ दहा वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली विचारणा, तीही लेकीच्या हातून आणि बसबद्दल. पण विचारलंस ते बरं केलंस. टॅक्सीवाले अडीच हजारांच्या खाली बोलत नाहीत.

हरिताला तमिळमध्ये दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. तरी पत्र लिहिते, कारण रस्ता सांगायचा तर नीट सांगावा. शिवाय देवनागरी आमच्याकडे ह्यांना वाचता येत नाही, माझ्या प्रणवेशला येत नाही. तुझ्याकडे व्यंकटरमणांना नाही, हरिताला नाही. आईने पाटीवर गिरवून घेतलं ते आपल्या दोघींकडून. तेव्हा यात जे लिहीन ते तुझ्यामाझ्यात राहील.

हे सांगतात तो रस्ता असा. विमानतळावरून टाउन बसने तिरुचीच्या बसस्टँडला जायचं. स्टँड आता गावाबाहेर पंजप्पूरला नेला आहे. तिथून तंजावूरची बस दर पाच-दहा मिनिटांनी. तंजावूरला नव्या बसस्टँडवर उतरून टाउन बसने जुन्या बसस्टँडला. तिथून हॉटेल चालत पाच मिनिटं. टाउन बसचं तोंड गुलाबी असेल तर बायकांना तिकीट नाही. तू सिंगापूरची झालीस म्हणून कंडक्टर पासपोर्ट मागत नाही, बिनधास्त बस.

तिथी सांगते. आषाढ शुद्ध दशमी, शुक्रवार, चोवीस जुलै. यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे, तोच चालू आहे. त्यामुळे आपला आषाढ आणि तमिळांचा आडी महिना एकमेकांवर बसले आहेत. आपल्या चांद्रमासाने मोज, नाहीतर सासरच्या तमिळ महिन्याने मोज, दिवस तोच येतो. त्या वर्षी तारखेचा घोळ झाला तसा या खेपेस व्हायचा नाही.

हॉटेलात उतरणार हे हरिताने दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं.

अप्पांचा फोटो हॉलमध्ये आईच्या शेजारी लावला आहे. करोनात गेले, विमानं बंद होती, तुला येता आलं नाही. त्याबद्दल इथे कुणी काही बोललेलं नाही.

राघवेंद्रस्वामी तुझा प्रवास सुखाचा करोत.
शेषम्मा


॥ श्री ॥
तंजावूर
गुरुवार, ११ जून २०२६

चि. विनुता,

मागच्या पत्रातला रस्ता खोडून टाक. चुकीचा आहे.

ह्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं उतरवलं होतं आणि हे विमानतळावर जन्मात एकदा गेलेले, तेही जावयाच्या गाडीतून. पत्र टाकल्यावर मला चैन पडेना. तुला तारखेच्या बाबतीत एकदा झालं ते झालं, आता रस्त्याच्या बाबतीत नको. म्हणून काल मी स्वतः जाऊन आले. नुसता रस्ता बघायला जाणं मनाला पटेना, तेव्हा आधी श्रीरंगमला दर्शन घेतलं. अधिक महिन्यात तसंही एकदा जायचंच होतं. ह्यांना श्रीरंगम तेवढंच सांगितलं.

दर्शन घेऊन विमानतळावर गेले. आत सोडत नाहीत, तिकीट लागतं. म्हणून तू ज्या दारातून बाहेर येशील त्या दारासमोर जाऊन उभी राहिले आणि तिथून मोजायला लागले. बंदूकवाला पोलीस बघत होता. शेवटी आला.

“कुठे जायचं आहे अम्मा?”

“तंजावूरला.”

“मग इथे का उभ्या आहात? कुणी येणार आहे का?”

“येणार आहे. जुलैच्या तेवीस तारखेला.”

त्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, “मग अजून वेळ आहे, सावलीत तरी उभ्या राहा.”

चांगला माणूस. मनप्पारैचा आहे. त्यानेच सांगितलं की बसस्टँडला जायची गरजच नाही.

आता नीट वाच. बाहेर आलीस की टॅक्सीवाले घेरतील, थांबू नकोस. सरळ पुदुकोट्टै रस्त्यापर्यंत चालत जा. सामान ओढत बारा मिनिटं धर, मी पिशवी घेऊन नऊ मिनिटांत गेले. फाटकाबाहेर आल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहा. मी अलीकडेच उभी राहिले आणि वीस मिनिटं पुदुकोट्टैला जाणाऱ्या बसना हात दाखवला. तिसऱ्या बसचा कंडक्टर ओरडून सांगून गेला तेव्हा कळलं. पलीकडे गावात जाणारी कुठलीही टाउन बस घे आणि टोलगेटलाच उतर. कंडक्टरला ‘टीव्हीएस टोलगेट’ एवढं म्हण. स्टँडपर्यंत गेलीस तर उलटी जाशील आणि परत याच टोलगेटवरून तंजावूरला येशील. पाऊण तास फुकट.

टोलगेटला उतरलीस की मोठ्या पुलाच्या खाली ये, तंजावूर रस्त्याच्या तोंडाशी. तिथे फळवाल्यांच्या गाड्या आहेत. त्यांच्यापुढे तंजावूरच्या बस मिनिटभर थांबतात. स्टँडवरून भरून येतात, तरी तुवाकुडीला अर्धी बस रिकामी होते, जागा मिळते. उजव्या बाजूला बस, दुपारचं ऊन डावीकडून येतं. वल्लम गेलं की पाय खाली घे, पंधरा मिनिटांत नवा बसस्टँड.

जुन्या बसस्टँडला उतरून तुझं हॉटेलही बघितलं. काउंटरवरच्या मुलीला खोली दाखव म्हटलं. बाथरूम स्वच्छ आहे. खिडकी मागच्या बाजूची माग, पुढून हॉर्न फार. हॉटेलपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता लिहीत नाही.

परतीच्या बसमध्ये सव्वा तास हाताला काम नव्हतं. दोन हजार सोळा सालची गोष्ट डोक्यात येत राहिली. तुझा फोन आला तो दिवस रविवार होता, जुलैची तीन तारीख. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तू म्हणालीस, “अक्का, आईचं वर्षश्राद्ध ऑगस्टच्या बारा तारखेला ना? ह्यांनी पंचांगात बघितलं. मी अकराचं तिकीट काढलं.” आणि मी म्हटलं, “बरं.”

आपलं श्राद्ध जुलैच्या चौदा तारखेला होतं. आषाढ त्या वर्षी लवकर संपणार होता, आडी तर लागायचाच होता, त्यातली दशमी ऑगस्टात गेली. तुला ते कळलं नाही.

बाकी सगळं ठीक. माझा गुडघा दुखतो, पण फार नाही.

शेषम्मा


॥ श्री ॥
तंजावूर
बुधवार, २२ जुलै २०२६
(हे पत्र टपालाने नाही. हॉटेलच्या काउंटरवर ठेवते आहे.)

चि. विनुता,

माझ्या जूनच्या पत्राला तुझं उत्तर हरिताच्या फोनवर आलं. ‘अम्मा विचारते, टोलगेटला पुलाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं? आणि तिथे बाथरूम आहे का?’ एवढंच. मी चार वेळा वाचलं. बाथरूम नाही, विमानतळावरच जाऊन ये, असं कळवलं. तारखेबद्दल तू काही विचारलं नाहीस, तेव्हा पत्रातलं शेवटचं पान तुला पोचलं की नाही ते मला कळलं नाही. पोचलं असणार. पानं मी टाचणीने जोडली होती.

तू हे वाचशील तेव्हा बसमधून उतरून हातपाय धुतले असशील. विमानतळावर मी येणार नाही असं हरिताला सांगितलं होतं, ते पाळलं. हॉटेलवरही थांबत नाही. सकाळी विचारायला गेले तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, “फोन करून सांगा ना अम्मा, पत्र कशाला?” मी म्हटलं, “फोनवर मला ‘बरं’ एवढंच येतं.” ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

जूनच्या पत्रात मी ‘तुला ते कळलं नाही’ असं लिहिलं. खरं आहे, पण अर्धं. मला कळलं होतं. तू बारा ऑगस्ट म्हणालीस त्याच क्षणी कळलं. पंचांग समोरच्या खिळ्याला होतं, चौदा जुलैभोवती मीच कुंकवाचा ठिपका लावलेला. अकरा दिवस हातात होते. एक फोन केला असता तर तू तिकीट बदललं असतंस. मी केला नाही.

का केला नाही ते सांगते. ऐकायला चांगलं नाही. आई आठ महिने अंथरुणावर होती. तिचं सगळं मी केलं, त्याबद्दल तक्रार नाही, घरात मीच होते. तू दर रविवारी फोन करायचीस. फोन ठेवला की आई दिवसभर तुझंच बोलायची. विनूचा आवाज बसलाय. विनूला तिथे आंबाडा मिळतो का. विनू बारीक झाली असेल. मी तिचं अंग पुसत असायची आणि ती मला तुझ्या तब्येतीचं सांगायची. मरायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, “विनूला सांग, फोन लवकर ठेवत जाऊ नको.” मला काही म्हणाली नाही. तुझा आवाज ऐकला तेव्हा मनात आलं, श्राद्ध तरी माझं एकटीचं असू दे. पान मी वाढीन, वडे मी तळीन, नमस्काराला पहिली मी वाकेन. एवढंच आलं मनात. त्याचं पुढे काय होईल ते मी बघितलं नाही.

पुढे काय झालं ते तू बघितलंस. अकरा ऑगस्टला बॅग घेऊन दारात आलीस. राजमकाकी ओसरीवर होती. “सासरचं पंचांग घेऊन माहेरचं श्राद्ध करायला आलीस होय ग?” म्हणाली आणि ओसरीवरचे सगळे हसले. अप्पा आत निघून गेले. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “महिना झाला, विनू.” जसं काही मला आदल्या दिवशीच समजलं होतं. तू उंबऱ्याच्या आत पाऊल न ठेवता त्याच रिक्षाने गेलीस.

अप्पा शेवटपर्यंत समजून होते की त्यांची धाकटी आपली तिथी विसरली. ते दोनदा म्हणाले, “लग्नाने मुली इतक्या परक्या होतात काय?” मी दोन्ही वेळा तिथेच होते.

राघवेंद्रस्वामींपुढे हे मी दर गुरुवारी सांगते. पण तुला सांगितलं नाही तोवर त्याला काही अर्थ नाही, हे मला माझं मलाच कळतं. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं कळायला दहा वर्षं लागू नयेत.

आता शुक्रवारचं. प्रणवेश चेन्नईहून आला आहे, आजीचं श्राद्ध तोच करील. आचार्य अकराला येतील. ब्राह्मण साडेअकरापर्यंत. स्वयंपाक सकाळी सातला सुरू. मडी-सोवळ्याचं लुगडं आदल्या दिवशी धुवून, उंच दांडीवर काठीने टाकून वाळवावं लागतं, कुणाचा हात लागता कामा नये, हे तू विसरली नसशील. उद्या मी दोन लुगडी वाळत घालणार आहे. ह्यांनी विचारलं, दुसरं कुणाचं? मी म्हटलं, असू दे. नाही आलीस तर शनिवारी घडी करून ठेवीन, काही बिघडत नाही. तमिळ घरात दिलेली मुलगी श्राद्धाच्या स्वयंपाकाला चालते का असं राजमकाकी विचारील. आचार्यांना मी विचारून ठेवलं आहे. आईची मुलगी आहे, चालते.

राजमकाकीला खरं सांगेन की नाही ते आत्ता लिहून देत नाही. लिहून दिलं आणि जीभ उचलली नाही तर आणखी एक खोटं होईल.

मागच्या बाजूची खिडकी मिळाली असेल. मी सांगून ठेवली होती.

शेषम्मा


॥ श्री ॥
तंजावूर
रविवार, २६ जुलै २०२६, द्वादशी, संध्याकाळ

चि. विनुता,

तू आत्ता समुद्रावर कुठेतरी असशील. मी सकाळी पारणं करून तुला नव्या बसस्टँडवर सोडलं, घरी येऊन अंथरुणं धुतली आणि आता बसले आहे. शुक्रवारी तू इथेच होतीस, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते. तू चुलीकडे तोंड करून होतीस आणि काही गोष्टी तुझ्या पाठीमागे झाल्या.

पावणेसातला तू आलीस तेव्हा मी मागच्या अंगणात होते. तू विहिरीवर आंघोळ करून काठीने लुगडं खाली ओढलंस. पहिल्यांदा ते दांडीवरच अडकलं. मी पुढे झाले तर म्हणालीस, “शिवू नकोस अक्का, मला येतं.” दहा वर्षांतलं तुझं हे मला पहिलं वाक्य. मी खोबरं किसायला गेले.

नेसताना तुला काष्टा जमेना. ते मी बघितलं नाही असं दाखवलं. वडे तू तळलेस ते जरा जाड झाले, पण आचार्यांनी तिसरा मागितला.

ब्राह्मण जेवून दक्षिणा घेऊन गेले, घरची पानं मांडली, तेव्हा राजमकाकी बोलली. ब्याऐंशी वर्षांची झाली, पण सोडते काय. “विनुता, या खेपेस दिवस बरोबर सापडला म्हणायचा. का सिंगापुरात आपलं पंचांग भाड्याने मिळतं?” प्रणवेश हसला. ह्यांनीही मिशीत हसून घेतलं. तू खिरीचं पातेलं उतरवत होतीस, तुझी पाठ ताठ झाली ती मला दिसली.

मी म्हटलं, “काकी, त्या वर्षी तिचं चुकलं नव्हतं.”

“मग कुणाचं? माझं?”

“माझं. तिने अकरा दिवस आधी फोन करून तारीख सांगितली होती. चुकीची आहे हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

काकी म्हणाली, “तू? तू तर भाजीवाल्याने एक शेंग कमी घातली तरी गल्ली गोळा करतेस. तू गप्प बसलीस?”

“बसले.”

हे म्हणाले, “दहा वर्षं?” मी मान हलवली. प्रणवेश आईच्या फोटोकडे बघायला लागला, जसं काही तिलाच विचारायचं आहे. काकीने मग पानावरचा भात चिवडला आणि तुला म्हणाली, “मी तुला त्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही ग.” तुझ्या पाठीमागे झालं म्हणते ते हे. तिचे डोळे भरले होते, तुला दिसले नाहीत. मी ते तिच्या बाजूने लिहीत नाही, झालं तसं लिहिते.

तू वळलीस ती पातेलं घेऊनच. म्हणालीस, “खीर निवते आहे, अक्का. वाढ.”

मी वाढली. थोडी काकीच्या पानाबाहेर गेली. ती काही बोलली नाही. हेही आमच्या घरात नवीनच.

तू घरी राहिली नाहीस. शुक्रवारी संध्याकाळी मी विचारलं, “हॉटेलचे पैसे आता गेलेच म्हण, तरी इथे झोपलीस तर?” तू म्हणालीस, “पैसे भरलेत ते फुकट का घालवायचे?” तुझं म्हणणं मला हिशेबाने पटलं. दुसऱ्या बाजूने पटलं नाही, पण तो माझा भाग. एकादशीला तू हॉटेलात इडली खाल्लीस की उपास केलास तेही विचारलं नाही. संध्याकाळी देवळात आलीस, प्रदक्षिणा माझ्या मागून केल्यास, एवढं पुष्कळ होतं.

माझं पत्र वाचलंस का, हे तीन दिवस ओठांवर होतं. आज नव्या बसस्टँडवर तिरुचीची बस लागली होती, तू चढलीस, उजव्या बाजूची जागा घेतलीस. परतताना डावीकडे बसायला हवं होतं, ते सांगायचं माझं राहून गेलं. मी खिडकीखाली उभी होते. कंडक्टर ‘तिरुची, तिरुची’ ओरडत होता. तू म्हणालीस, “पत्र वाचलं.” मी वाट बघितली. तू पिशवी मांडीवर नीट केलीस, आणि म्हणालीस, “मला अजून राग आहे, अक्का. जाईल की नाही माहीत नाही.”

मी म्हटलं, “असू दे.”

“पण माझ्या शाळेत रजेचा अर्ज दोन महिने आधी द्यावा लागतो. तारीख मला वेळेवर लागते.”

मग बस निघाली.

तेव्हा लिहिते ते हे. देवळातून येताना आचार्यांच्या घरी गेले, त्यांनी मोजून दिलं. पुढच्या वर्षी अधिक महिना नाही, त्यामुळे आपला आषाढ परत मागे सरकतो. शुद्ध दशमी जुलैच्या तेराला की चौदाला, ते पंचांग छापून आल्यावर नक्की होईल, पण या दोनांतलीच एक. तुझ्या सासरचं पंचांग ऑगस्टची बारा दाखवील, सोळा साली दाखवली होती तीच. ती आपली नव्हे. व्यंकटरमणांनी कितीही प्रेमाने काढून दिली तरी नव्हे.

हेच मी मार्चमध्ये परत लिहीन, मेमध्ये परत लिहीन. त्यातूनही ऑगस्टचं तिकीट काढलंस असं कळलं तर फोन करीन. तू उचलला नाहीस तर हरिताला करीन. तिने उचलला नाही तर व्यंकटरमणांना करीन आणि तमिळमध्ये सांगीन, तेही नसले तर तुझ्या शाळेत करीन. इंग्रजी मला मॅट्रिकपुरतं येतं. ‘जुलै’ म्हणायला तेवढं पुरेल.

तुझी
अक्का